दर महिन्याला तोच खांदा: डंबेल शोल्डर प्रेसमधलं दुखणं शोधताना

दुखणं उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याच जागेत. शोल्डर प्रेस म्हणजे बाकावर बसून दोन्ही हातांतली डंबेल खांद्यापासून डोक्यावर ढकलायची. तो व्यायाम ज्या दिवशी, त्या शोल्डरच्या दिवशी रात्री काही जाणवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये वरचं हँडल पकडायला हात गेला की टोचायचं. मग आठवडाभर प्रेस बंद, बरं वाटायचं, परत सुरू, आणि तीन-चार आठवड्यांत परत तेच हँडल, तेच टोचणं. असं जवळजवळ वर्षभर चाललं. जिममध्ये विषय काढला की प्रत्येकाच्या खिशात उपाय तयार. मलम लावा, मशीनवर जा, बारबेल (दोन्ही हातांनी धरायचा लांब दांडा) मारा, आणि एका पोराचं म्हणणं, ‘काका, आता वयाप्रमाणे घ्या.’ माझं वय ४३.

शेवटी फिजिओ मॅडमकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘नक्की कधी दुखतं? डंबेल वर आणताना, खाली असताना, मधे, टोकाला, की ठेवताना?’ मला सांगता येईना. ‘प्रेसमध्ये दुखतं’ एवढंच मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. खरं तर ती पाच वेगवेगळी दुखणी असतात आणि त्यांची पाच वेगळी कारणं. म्हणून खाली क्षणाक्षणाप्रमाणे लिहिलंय. तुमचं जिथे दुखतं तिथून वाचलंत तरी चालेल, पण लगेच खालचा परिच्छेद सोडू नका.

आधी हे नाही ना, ते बघा

झटकन काही तुटल्यासारखं वाटून हात उचलताच येत नसेल, खांद्याचा आकार बदलला असेल, बोटांपर्यंत मुंग्या किंवा बधिरपणा जात असेल, रात्री त्या कुशीवरच नव्हे, कुठल्याच कुशीवर झोप लागत नसेल, तर फॉर्म (व्यायाम करायची ढब) सुधारत बसू नका, डॉक्टर गाठा. खांदा किंवा डावा हात दुखतोय आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर तो खांद्याचा विषयच नाही, सरळ इस्पितळ. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी, त्यातही मधुमेह असलेल्यांनी, आणखी एक गोष्ट तपासावी. कोपर कमरेला चिकटवून ९० अंशांत वाकवायचं आणि दुसऱ्या कुणीतरी आपला पंजा हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायचा. दुसऱ्यानं फिरवूनही हात अडकत असेल तर फ्रोजन शोल्डरची (खांदा आखडून जाम होण्याची) शंका घ्यायची. त्यावर प्रेस सुधारून काही होत नाही.

फोन स्टूलवर ठेवा

मला आरशात माझा प्रेस छान दिसायचा. आरसा समोर असतो आणि बिघाड बाजूला किंवा मागे असतो. पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन ठेवला, एक सेट बाजूनं, एक मागून. आठ रेपमध्ये (एकदा वर नेऊन खाली आणलं की एक रेप, असे सलग काही रेप म्हणजे एक सेट) तीन गोष्टी दिसल्या, ज्यांची मला कल्पनाही नव्हती. कोपरं शरीराच्या रेषेच्याही मागे जात होती. सहाव्या रेपपासून ढुंगण बाकावर पुढे सरकत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेट सुरू व्हायच्या आधी १२.५ किलोचं डंबेल मी जमिनीवरून, बाजूनं, हात लांब करून उचलत होतो.

चित्रीकरण नेहमीच्या वजनावर करा. ५ किलोवर सगळेच शहाण्यासारखे प्रेस मारतात.

जागेवर आणताना किंवा ठेवताना कळ येते

याकडे कुणीच बघत नाही, कारण हा व्यायामाचा भाग वाटतच नाही. पण बाकावर बसल्यावर बाजूला वाकून वजन उचलताना खांदा बाहेरच्या बाजूला उघडा पडलेला असतो, हात लांब असतो आणि स्नायूंची पकड नसते. ठेवताना तर आणखी वाईट. सेट संपलेला, दम गेलेला, आणि आपण दोन्ही हात पंखांसारखे पसरून डंबेल सोडून देतो.

नीट पद्धत अशी. डंबेल रॅकवरून उभ्यानं, दोन्ही हात अंगाजवळ ठेवून घ्यायची. बसताना ती मांड्यांवर, गुडघ्याच्या जरा अलीकडे उभी टेकवायची. मग एक टाच उचलून गुडघ्यानं खालून ढुशी द्यायची आणि त्याच झटक्यात त्या बाजूचं डंबेल खांद्यावर घ्यायचं. मग दुसरं. हातानं ओढायचं नाही, पायानं ढकलायचं. उतरवताना उलटा प्रवास: आधी खांद्याजवळ, तळवे एकमेकांकडे, मग मांडीवर, मग उभं राहून रॅकवर. माझं अर्धं दुखणं एवढ्यानंच गेलं, आणि त्यासाठी मी वर्षभर मलमं लावत होतो.

जे वजन गुडघ्याच्या ढुशीनंही वर येत नाही ते कुणीतरी हातात आणून द्यावं, किंवा त्या दिवशी उचलूच नये. कुणी मदत करत असेल तर त्याचे हात मनगटाजवळ हवेत. कोपराखाली हात धरणारे खूप दिसतात. हात थकून मनगट ढळलं तर डंबेल डोक्याकडे येतं, आणि तेव्हा कोपर धरून काही उपयोग नसतो.

खाली असताना, पुढच्या बाजूला टोचतं

नव्वद टक्के वेळा इथे गुन्हेगार कोपराची दिशा असते. (हा आकडा माझ्या जिमच्या निरीक्षणाचा, शास्त्राचा नव्हे.) छतावरून कुणी तुमच्याकडे बघतंय असं समजा. नाक बाराच्या आकड्याकडे. बहुतेकांची कोपरं नऊ आणि तीनवर असतात, अगदी बाजूला, माझी तर त्याच्याही मागे होती. ती दहा आणि दोनवर आणा. म्हणजे शरीराच्या रेषेच्या साधारण ३० अंश पुढे. हा आकडा हवेतून आलेला नाही. पाठीवरचं त्रिकोणी चपटं हाड, म्हणजे फरा, बरगड्यांच्या गोलाईवर बसलेला असल्यामुळे साधारण तितकाच पुढे वळलेला असतो. खांद्याची उखळ त्याच्याच टोकाला. उखळीचं तोंड जिकडे, हात तिकडून वर गेला की सांध्याला सोपं जातं.

तळव्यांचंही तसंच. दोन्ही तळवे सरळ समोर बघत असतील तर कोपरं आपोआप बाहेर पळतात. तळवे थोडे आत वळवले, डंबेल वरून बघताना उतरत्या छपरासारखी तिरकी दिसली, की कोपरं जागेवर येतात. फारच दुखत असेल तर तळवे पूर्ण एकमेकांकडे करून काही आठवडे काढा. दिसायला साधं, पण खांद्याला सगळ्यात आरामाचं.

दुसरा प्रश्न किती खाली यायचं. ‘फुल रेंज’चा आग्रह धरणारे डंबेल खांद्याला टेकवायला सांगतात. ज्याचं दुखत नाही त्यानं खुशाल टेकवावं. ज्याचं दुखतं त्यानं डंबेलचा दांडा कानाच्या पाळीच्या आणि हनुवटीच्या मधे आला की थांबावं. तिथे दंड जवळजवळ आडवा आलेला असतो आणि स्नायूंना काम भरपूर मिळालेलं असतं. महिन्याभरानं हळूहळू खाली जाता येतं. आणि उतरताना दोन-तीन सेकंद घ्या. धपकन खाली येऊन तिथून उसळी मारणं म्हणजे सगळ्यात नाजूक जागी सगळ्यात मोठा झटका.

बाकाची पाठ काटकोनात असेल तर एक खाच मागे घ्या, साधारण ७५ ते ८० अंश. अगदी सरळ पाठीवर डोकं पुढे ढकललं जातं आणि डंबेलला चेहऱ्यासमोरून वाट काढावी लागते.

मधेच, हात वर जाताना दुखतं आणि टोकाला गेल्यावर बरं वाटतं

हात बाजूनं उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधे दुखणं आणि त्याच्या खाली-वर न दुखणं, ही डॉक्टरांची जुनी ओळखीची खूण आहे. तिथे रोटेटर कफचा (खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंचा) वरचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), सुप्रास्पायनेटस, दंडाच्या हाडाचा गोळा आणि वरचं हाडाचं छप्पर यांच्या मधून जातो. ही फट जेमतेम सेंटिमीटरभर. पूर्वी सरळ सांगत की छप्पर कंडऱ्याला घासतं, म्हणून दुखतं. आता फिजिओ या घासण्याला असलेला ‘इम्पिंजमेंट’ हा शब्द जरा जपून वापरतात, कारण न दुखणाऱ्या खांद्यांतही तिथे दाब येतोच. कंडऱ्यावर त्याच्या सवयीपेक्षा जास्त भार एकदम पडला का, हा प्रश्न आधी विचारला जातो. भाराकडे पुढे येतोच.

पण इथे एका सूचनेशी माझं भांडण आहे. ‘खांदे मागे, खाली, दाबून ठेवा!’ बेंच प्रेससाठी (बाकावर उताणं पडून छातीवरून वजन ढकलायचं) ही सूचना उत्तम, कारण तिथे फऱ्यांनी बाकावर घट्ट बसायचं असतं. तीच सूचना ट्रेनर लोक शोल्डर प्रेसला आणून लावतात आणि घोळ होतो. हात पूर्ण वर जातो तेव्हा ढोबळमानानं १८० अंशांपैकी १२० अंश उखळीच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० फरा वर फिरतो म्हणून मिळतात. फरा दाबून धरला तर ते ६० अंश आणायचे कुठून? ते कंबर देते, नाही तर कंडरा.

मी वर्षभर इमानदारीनं खांदे खाली दाबत होतो. मॅडमनी माझ्या फऱ्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं आणि रिकामा हात वर करायला सांगितला. बोट काखेकडे सरकायला हवं होतं, ते जागचं हललं नाही. ‘सोडा,’ म्हणाल्या, ‘वरच्या फळीवरचा डबा काढताय असं समजा.’ सोडल्याबरोबर बोट सरकलं आणि मधली कळ अर्धी झाली. तेव्हापासून मी खालून सुरुवात करताना खांदा नुसता स्थिर ठेवतो, आणि हात वर जाईल तसा त्याला वर जाऊ देतो. टोकाला दंड कानाजवळ, डंबेल खांद्याच्या बरोबर वर. दोन डंबेल एकमेकांवर ठण्णकन आपटायची गरज नसते. त्यानं स्नायूंना काही मिळत नाही, शेजारच्यांना मात्र कळतं की साहेब आले.

टोकाला गेल्यावर कंबर दुखते

खांदा पुरेसा वर जात नसला की पाठ मागे वाकून ती उणीव भरून काढते. बरगड्या पुढे फुगतात, ढुंगण पुढे सरकतं, आणि शोल्डर प्रेसचा तिरका चेस्ट प्रेस होतो. वजन जास्त उचललं जातं म्हणून आपणही खूष. ही खोड जुनी आहे. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमध्ये १९७२ च्या म्युनिकपर्यंत स्नॅच आणि क्लीन अँड जर्कबरोबर क्लीन अँड प्रेस (बारबेल खांद्यावर घेऊन नुसत्या हातांच्या जोरावर डोक्यावर ढकलायची) हा तिसरा प्रकार होता. लिफ्टर इतके मागे वाकायला लागले की वैध कुठला आणि अवैध कुठला हे ठरवणं पंचांना कठीण झालं, आणि त्यानंतर तो प्रकारच काढून टाकला. जगातल्या उत्तम लिफ्टरांना मोह आवरला नाही, तिथे ऑफिसातून येऊन बाकावर बसणाऱ्यांचं काय.

घरी एक चाचणी करा. जमिनीवर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून पावलं टेकलेली, कंबर जमिनीला चिकटलेली. दोन्ही हात सरळ ठेवून डोक्यावरून मागे न्यायचे. कंबर न उचलता अंगठे जमिनीला लागले तर डोक्यावर प्रेस करायला तुमच्याकडे जागा आहे. चार बोटं अधांतरी राहिले तर सध्या सरळ प्रेस नको. बाकाची पाठ ६० अंशांवर आणा, किंवा बारबेलचं एक टोक कोपऱ्यात अडकवून एक गुडघा टेकून लँडमाइन प्रेस करा, त्यात हात तिरका पुढे-वर जातो आणि पूर्ण उभ्या रेषेत यावं लागत नाही. सोबत सतरंजीची घट्ट गुंडाळी फऱ्यांच्या खाली आडवी घालून त्यावरून पाठ हळू मागे सोडायची, रोज दोन-तीन मिनिटं. दिवसभर संगणकापुढे वाकून कडक झालेली पाठ मोकळी व्हायला वेळ लागतो. माझे अंगठे टेकायला सात आठवडे लागले.

उभ्यानं प्रेस मारणाऱ्यांनी कुल्ले आवळायचे, पोट कुणी गुद्दा मारणार आहे अशा बेतानं कडक धरायचं, आणि बसून उचलता त्यापेक्षा कमी वजन घ्यायचं. रक्तदाबवाल्यांनी श्वास कोंडून रेप काढू नये. ढकलताना तोंडानं सोडावा.

मनगट

पंजा मागे मोडून डंबेल बोटांच्या मुळाशी लटकत असेल तर मनगट दुखणारच. दांडा तळव्याच्या खालच्या गादीवर, अंगठ्याच्या बुंध्याजवळ तिरका घ्या, अंगठा दांड्याभोवती गुंडाळलेला. मग समोरून बघा, बाजूनं बघा, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दोन्हीकडून उभा दिसला पाहिजे. अंगठा न गुंडाळता वजन डोक्यावर नेणारी मंडळी आहेत. त्यांच्या शेजारच्या बाकावर मी बसत नाही.

एक हात मागे राहतो

डंबेलमध्ये हे झाकता येत नाही, म्हणून तर डंबेल घ्यायचे. काही आठवडे एकेका हातानं करा, कच्च्या हातापासून सुरुवात, आणि पक्क्या हातानं तेवढ्याच रेपवर थांबायचं. पक्क्या हाताला हे आवडत नाही.

करताना काही नाही, दुसऱ्या दिवशी दुखतं

हे माझं खरं मूळ होतं, आणि ते फॉर्ममध्ये नव्हतंच. वही उघडल्यावर सापडलं. सोमवारी चेस्ट: बेंच, इनक्लाइन, डिप्स. मंगळवारी शोल्डर. तिन्ही चेस्टच्या प्रकारांत खांद्याचा पुढचा भाग राबतो, आणि चोवीस तासांत मी त्यालाच परत कामाला लावत होतो. शोल्डर गुरुवारी ढकलला. मधे एक दिवस पाठ, म्हणजे ओढण्याचे व्यायाम. ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे ओढण्याचा निदान एक सेट आता असतोच.

दुसरी गोष्ट अडीच किलोची. आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये डंबेलची रांग ५, ७.५, १०, १२.५ अशी जाते. ऐकायला अडीच किलो म्हणजे काहीच नाही. पण ७.५ वरून १० वर जाणं म्हणजे एका उडीत ३३ टक्के, १० वरून १२.५ म्हणजे २५ टक्के. बेंच प्रेसला कुणी एका आठवड्यात ६० चे ७५ करेल का? शोल्डरला आपण तेच बिनधास्त करतो, कारण आकडा छोटा दिसतो. माझा खांदा दर तीन-चार आठवड्यांनी का बिघडायचा त्याचं उत्तर वहीत स्वच्छ लिहिलेलं होतं: सुट्टीनंतर बरं वाटलं की पहिल्या आठवड्यात १०, दुसऱ्यात १२.५, तिसऱ्यात ईर्ष्येनं १५, चौथ्यात मलम.

आता नियम असा. आहे त्या वजनावर तिन्ही सेटमध्ये १२ रेप, सलग दोन वेळा, आणि प्रत्येक सेटनंतर अजून दोन रेप निघाले असते असं वाटलं पाहिजे. मगच पुढचं डंबेल, आणि तिथे परत ६-८ रेपपासून सुरुवात. मधला टप्पा हवा असेल तर मनगटाला बांधायचे अर्ध्या किंवा एक किलोचे पट्टे मिळतात, ते बांधून तेच डंबेल मारायचं. दिसायला थोडं विनोदी.

दुखणं किती चालवून घ्यायचं, हाही प्रश्न असतो. दहापैकी दोन-तीन इतकं, आणि २४ तासांत परत होतं तिथे आलं, तर चालतं. त्याहून जास्त असेल किंवा दुसऱ्या दिवशी वाढलं असेल तर वजन कमी किंवा सेट कमी. पूर्ण बंद करणं हा माझा आवडता उपाय होता आणि तोच सगळ्यात फसवा. बंद ठेवलं की दुखणं जातं, पण कंडऱ्याची ताकदही त्याच्याबरोबर जाते, आणि आपण परत येतो ते जुन्या वजनावर.

डंबेल स्वतः

घरी स्क्रूवाले, चकत्या बदलायचे डंबेल असतील तर प्रत्येक सेटआधी नट आवळा. प्रत्येक सेटआधी, दिवसातून एकदा नाही. वर नेताना दांडा फिरतो आणि नट सैल होतो. सिमेंट भरलेले प्लास्टिकचे स्वस्त डंबेल जोडाच्या रेषेवर तडकतात. तडा दिसला की ते डोक्यावर न्यायचे नाहीत, दार अडवायला ठेवायचे. घाम येत असेल तर हात पुसा, टॉवेल मांडीवर असू द्या.

परत सुरू करताना

मी १२.५ सोडून ७.५ वर आलो. लाज वाटली, कारण शेजारी कॉलेजातली मुलगी १० मारत होती. आधी रबर बँड छातीसमोर ताणायचे पंधरा रेप, मग भिंतीला कोपरं आणि हात टेकवून वर सरकवायचे दहा, मग ५ किलोचा एक हलका सेट, मग कामाचे तीन सेट. आठवड्यातून दोनदा. तळवे पहिले चार आठवडे एकमेकांकडे, नंतर छपरासारखे तिरके. पाचव्या आठवड्यात १०. तेराव्यात १२.५.

आज १२.५ चे तीन सेट दहा-दहा रेपचे निघतात, आणि लोकलच्या हँडलला हात जातो तेव्हा लक्षही जात नाही. १५ च्या जोडीला अजून हात लावलेला नाही. टोकाला गेल्यावर उजव्या खांद्यात कट् असा आवाज मात्र येतो. दुखत नाही, ताकद कमी वाटत नाही, नुसता आवाज. मॅडम म्हणाल्या वाजू द्या, तर वाजू देतो.